खंडेनवमीची म्हैस

“आज एकदाही म्हणायचं नाही,” भरतेश म्हणाला.

रेल्वेचं फाटक पडलं होतं, म्हणून त्याने मोटरसायकल बंद केली होती. पुढे टाकीवर आमची ऋजू, मागे मी. ऋजूला तेव्हा चौथं लागलं होतं. नव्या परकराची जर टोचते म्हणून ती सारखी खाजवत होती.

“काय म्हणायचं नाही?”

“तुला माहितेय.”

माहीत होतं. ‘जपून.’ हा शब्द माझ्या तोंडात दिवसातून किती वेळा येतो ते मला तेव्हाही ठाऊक होतं. ऋजूला द्राक्ष द्यायचं तर मी त्याच्या चार फोडी करायची. गॅसचा नॉब झोपण्याआधी बघायची आणि अंथरुणावर पडले की उठून पुन्हा बघायची. वनस्पतिशास्त्र घेऊन एम.एस्सी. केलेली बाई अशी कशी, असं सासूबाई शेजारणीला विचारायच्या, मला ऐकू जाईल अशा बेताने. एकदा भरतेशला यायला उशीर झाला, फोन लागेना, तेव्हा मी थेट कारखान्याच्या गेटवर फोन केला. तिथल्या पहारेकऱ्याने भोंग्यावरून पुकारलं: भरतेश मगदूम असतील तिथून घरी फोन करा, वहिनी घाबरल्यात. तेव्हापासून कारखान्यात माझं नाव ‘जपून वैनी’ पडलं होतं.

“ऋजूला पाण्यात नेणार, आणि मी गप्प बसायचं.”

“पाण्यात नाही, पाण्यावर. आणि मी असणार आहे तिच्याबरोबर.”

“लहान मुलाच्या मापाचं जाकीट आहे?”

“आहे की जाकीट.”

“लहान मुलाच्या मापाचं विचारलं मी.”

मालगाडी आली. ती जाईपर्यंत तो डबे बघत बसला. मग म्हणाला, “हे बघ, आप्पांनी स्वतः विचारलंय. नाही म्हटलं तर काय होईल? मी बसवलेल्या सीलवर माझाच भरवसा नाही, असं होईल. गाडी बघायला येणाऱ्या मॅडमच्या समोर. तेवढं एक दिवस सांभाळ. शब्द दे.”

मी शब्द दिला. फाटक उघडलं.

मिरजेच्या बाजूला आंबी यांचा कारखाना आहे. तिथे जमिनीवर आणि पाण्यावर दोन्हीकडे चालणाऱ्या गाड्या बनतात. आठ चाकांचा हिरवा टब, एवढंच त्यांचं रूप. चिखल असो, उसाचं रान असो, ओढा असो, गाडी आत शिरते आणि पाणी खोल झालं की तरंगते. तीच चाकं फिरून तिला पुढे ढकलतात. कागदावर तिचं काहीतरी इंग्रजी नाव होतं. कारखान्यात तिला सगळे म्हैस म्हणायचे. चाकांचे आठ दांडे टबाच्या अंगातून बाहेर येतात, त्या आठ भोकांतून पाणी आत येऊ नये म्हणून जी सीलं लागतात, ती बसवणं हे भरतेशचं काम.

आप्पा आंबी म्हणजे मालक. त्यांच्या वडिलांची कृष्णेवर नाव चालायची, पूल होण्याआधी. आप्पांनी कारखाना काढला तरी त्या घरातली एक रीत सोडली नव्हती: नव्या नावेत आधी नावाड्याचं घर बसतं, मग गाव. त्यामुळे प्रत्येक नवा नमुना पाण्यात उतरला की तो ज्याने बांधला त्याची माणसं आत बसत. मागच्या खेपेला इलाही मुजावर या वेल्डरची म्हातारी आई बसली होती आणि बाहेर यायलाच तयार नव्हती म्हणे. या खेपेला नंबर आमचा होता. मला विचारलं नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी खंडेनवमी. सगळ्या कामगारांच्या बायकामुलांना बोलावलेलं. दारात झेंडूची तोरणं, लेथला हार, आणि यंत्रांच्या तेलाच्या वासात चिंचेचा आंबट वास मिसळलेला. एका कोपऱ्यात आप्पांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकी म्हणत, चिंच लावून पितळेची समई घासत होत्या.

“आल्या आल्या, जपून वैनी आल्या!” इलाही ओरडला. “आरं, ती लोखंडं बाजूला घ्या, वैनींच्या पायात येतील.”

“इलाहीभाऊ, तुमच्या आई कशा आहेत?” मी विचारलं.

“काय विचारू नका. रोज म्हणत्यात, म्हशीतनं फिरवून आण. मी म्हटलं, आई, आता खरीच घेतो एक, दूध तरी दील.”

नवी गाडी मधोमध उभी होती. नुकतीच धुतलेली. मागच्या बाजूला खाली दोन भोकं होती आणि दोन्हींतून पाण्याची बारीक धार लागली होती.

ऋजू वाकून बघत राहिली. मग तिने जाहीर केलं, “बाबा, म्हैस शू करते!”

सगळा कारखाना हसला. इलाही तर बाकड्यावर बसला. भरतेशने तिला उचललं आणि खिळ्यावर अडकवलेली एक लोखंडी कडी काढून तिच्या हातात दिली. कडीत गाडीची किल्ली होती आणि किल्लीच्या दोन्ही बाजूंना एकेक पितळी बूच, आट्यांचं, लिंबाएवढं.

“ही तिची शू बंद करायची बुचं. धुतलं की उघडायची, आतलं पाणी जातं. पाण्यात जाताना लावायची.”

“आणि लावायची राहिली तर?” हे मी विचारलं. ‘जपून’ म्हणायचं नाही एवढाच शब्द दिला होता.

“राहतील कशी? किल्लीसाठी कडी हातात घेतली की बुचं हातात येतात. आधी बुचं, मग किल्ली. झोपेतसुद्धा चुकायचं नाही. अजून आत पाणी आहे, निथळू दे.” त्याने कडी परत खिळ्यावर अडकवली. “अजून काही शंका?”

“नाही.”

“शाबास.”

मी जाकिटाची चौकशी केली. सगळ्यात लहान जाकीट ऋजूच्या घोट्यापर्यंत आलं. इलाहीने त्याचे पट्टे तिच्या पाठीवर गाठ मारून बांधले. “आता ही बुडायची म्हटलं तरी बुडायची न्हाई, वैनी. बेडकी झाली.” ऋजू बेडकासारख्या उड्या मारायला लागली. मी गाठ ओढून बघितली. मग परत बघितली.

कारखान्याच्या मागे दगडाची जुनी खाण आहे. दगड काढायचं थांबलं, तसं तिच्यात पाणी भरलं. गाड्या तिथेच उतरवून बघतात. त्या पाण्याचा रंग एका बाजूला हिरवा आणि मधोमध काळा. मधोमध किती खोल, असं मी एकदा भरतेशला विचारलं होतं. तो म्हणाला होता, “कुणाला तळ लागला नाही अजून.” हे सांगण्यासारखं उत्तर नाही, हे त्याला नंतर कळलं असावं.

पूजा लेथशेजारच्या लांब टेबलावर मांडली होती. लाल कापडावर पाने, हातोडे, करवती, मापाच्या पट्ट्या, वेल्डिंगची पिस्तुलं. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर एकेक झेंडू. त्या दिवशी पुजलेल्या हत्याराला हात लावायचा नाही, ते दसऱ्याला उचलायचं, ही तिथली पद्धत. ऋजूने एक पाकळी तोंडात घातली, मी ती काढेपर्यंत आरती संपत आली होती.

देवस्थळी मॅडम आरतीच्या शेवटाला आल्या. मुंबईहून आलेल्या, पायात खेळायचे बूट. पुरात माणसं काढायला अशा गाड्या घ्यायच्या की नाही, हे त्या ठरवणार होत्या.

“आप्पासाहेब, किंमत फार आहे तुमच्या म्हशीची,” त्या येताच म्हणाल्या.

“मॅडम, म्हशीचा सौदा पाण्याबाहेर करत न्हाईत आणि पाण्यातबी करत न्हाईत,” आप्पा म्हणाले. “आधी बसून बघा. मग काठावर च्या पिऊ, तवा बोलू.”

काकींनी चांदीची ताटली पुढे केली. तिच्यात अक्षता, सुपारी आणि लाल फीत बांधलेली किल्ली. मॅडमनी किल्ली उचलून भरतेशकडे दिली. टाळ्या वाजल्या. भरतेश नव्या शर्टात जरा ताठ उभा होता. त्याने ऋजूला आत ठेवलं, स्वतः बसला, मागच्या बाकावर आप्पा आणि मॅडम. ऋजूने मला हात केला. मीही केला. मी काही बोलले नाही हे त्याने बघितलं आणि मान हलवली, शिक्षक पहिल्या बाकावरच्या मुलाकडे बघून हलवतात तशी.

गाडी मागच्या मोठ्या दारातून बाहेर गेली. माणसं तिच्यामागे गेली. मी आतच थांबले. बघायचंही नाही आणि बोलायचंही नाही, म्हणजे निदान एक तरी गोष्ट पार पडेल, असा माझा हिशेब होता.

“तू न्हाई गेलीस?” काकींनी विचारलं. त्या समईत तेल घालत होत्या.

“नको.”

“बरं केलंस. मीबी जात न्हाई. आमचे मालक पाण्यात गेले की मला हितं जांभया येत्यात.”

मी फरशीकडे बघत उभी होते. गाडी जिथे उभी होती तिथे पाण्याचं थारोळं होतं. तिथून दारापर्यंत थेंबांच्या दोन रेघा गेल्या होत्या. ऋजू न्हाणीतून तशीच पळाली की घरभर जाते तशी ओल. दारात जिथे चढ लागतो तिथे थेंब मोठे झाले होते.

म्हैस शू करते.

मी खिळ्याकडे बघितलं. खिळा रिकामा होता. असणारच, किल्ली गेली म्हणजे कडीही गेली. पण ताटलीत मला कडी दिसली नव्हती. फीत दिसली होती. मी स्वतःला सांगितलं की बुचं आधीच लावली असतील. मग मी पूजेच्या टेबलाकडे गेले. समईच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक, अशी दोन पितळी बुचं ठेवली होती. सोन्यासारखी लखलखीत. कुंकवाची बोटं ओढलेली, वर झेंडू.

“काकी, ही कुठली?”

“ती व्हय? किल्लीच्या कडीत लटकत होती, काळी ठिक्कर. म्हटलं, एवढ्या मोठ्या बाईच्या हातात किल्ली द्यायची आणि तिच्या गळ्यात हे लोढणं? कडी सोडवली, चिंच लावली. बघ कशी निघाली. पितळ ते पितळ.”

“त्यांनी बघितलं?”

“कुणी? तुझ्या नवऱ्यानं? तो शर्ट बदलाय गेलता.”

मी झेंडू बाजूला केले आणि दोन्ही बुचं उचलली.

“आगं, आगं! आज उचलू नये!” काकींचा आवाज मागून आला. “पुजलेलं हाय ते!”

मी चपला दारात काढल्या. का, ते सांगता येणार नाही. पळताना पायात नकोत म्हणून असेल. खाणीपर्यंत उतार आहे, मुरमाचा. लोकांची पाठ माझ्याकडे होती. त्यांच्या पलीकडे गाडी दिसत होती. पुढची चाकं पाण्याला टेकलेली, मागची अजून काठावर. इंजिनाचा आवाज खाणीच्या भिंतींवर आपटून दुप्पट येत होता. ऋजूचं केशरी जाकीट दिसत होतं, ऋजू दिसत नव्हती.

मी एकदा ओरडले, “थांबा!” मला स्वतःलाच ते ऐकू आलं नाही.

दोर धरून इलाही काठावर उभा होता. त्याने मला बघितलं आणि हात वर केला. गाडी जागीच घुरघुरत राहिली.

“आल्याच का वैनी!” तो मोठ्याने म्हणाला. “मी मघाशीच म्हटलं, ह्या ऱ्हायच्या न्हाईत!”

कामगारांत हशा पिकला. मॅडमनी वळून बघितलं. भरतेशनेही. त्याच्या चेहऱ्यावरचा राग मला अंतरावरूनही वाचता आला. मी ऋजूला उतरवून घ्यायला आले, असंच त्याला वाटलं. त्याच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. तो डोळ्यांनीच म्हणाला: शब्द दिला होतास.

माणसांतून वाट काढत मी गाडीपाशी गेले. मुठी पदराखाली होत्या. सगळ्यांसमोर सांगायचं, तर काय होईल ते दिसत होतं. बुचं लावायला विसरणारा सीलवाला. मिरज-सांगलीपासून मुंबईपर्यंत. आणि नाही सांगायचं, तर ऋजू समोर बसली होती.

“काय झालं?” भरतेशने विचारलं. आवाज ओढून धरलेला.

“काही नाही,” मी म्हणाले. “मलाही बसायचंय.”

मग इलाही म्हणाला, “या खुदा! वैनी?”

“रीत आहे ना? घर बसतं ना आधी? मी घरातलीच आहे.” मी उजवा हात पुढे केला. घरात मी भरतेशला अरेतुरे करते, तिथे म्हणाले, “अहो, हात द्या जरा.”

तो पुढे झुकला आणि त्याने माझा हात हातात घेतला. पितळ त्याच्या तळव्याला लागलं.

तो तसाच राहिला. त्याने हाताकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती, ते बूच तो रोज हाताळायचा. नुसता त्याच्या गालावरचा रंग उतरत गेला, वरून खाली, पडदा सोडावा तसा. मी दुसरी मूठही पुढे केली. ती त्याने दोन्ही हातांत घेतली. बघणाऱ्यांना वाटलं असेल, काय नवराबायकोचं प्रेम आहे. कुणीतरी शिट्टी मारलीही.

“मॅडम, एक मिनिट,” तो म्हणाला आणि इंजिन बंद केलं. “मागचं चाक बघून घेतो.”

तो उतरला. मी त्याच्या जागेशेजारी चढून बसले आणि ऋजूला मांडीवर घेतलं. मागून आट्या फिरल्याचा आवाज येत होता. एक. मग दुसरा.

“काही अडचण आहे का?” देवस्थळी मॅडमनी आप्पांना विचारलं.

आप्पा मागे वाकून काठाकडे बघत होते. ते सावकाश सरळ बसले.

“अडचण न्हाई मॅडम. नावाड्याची बायको बसल्याबिगर आमच्यात नाव सुटत न्हाई. विसरलोच होतो आम्ही.”

“अशी पण रीत आहे?”

“हाय की,” आप्पा म्हणाले. “आजपासनं.”

भरतेश परत येऊन बसला. त्याचे हात कोपरापर्यंत ओले होते. गाडी पाण्यात शिरली. सुरुवातीला जमीन सुटल्याचं कळत नाही. मग पोटात कळतं. काठ मागे गेला, हिरवं पाणी काळं झालं, आणि मी तळाकडे, माझ्या पायांखाली, बघत बसले. तळ कोरडा होता. कोरडाच राहिला.

“आई, बघ,” ऋजू मागे वळून म्हणाली. “पाणी लाल.”

आमच्या मागे पाण्यात कुंकवाची एक बारीक तांबूस रेघ सुटत होती. चाकांनी ती लगेच विस्कटून टाकली.

“पूजेचं कुंकू आहे,” आप्पा मॅडमना म्हणाले. मग भरतेशच्या पाठीकडे बघून म्हणाले, “चांगलं लागलंय.”

मॅडमनी खाणीला दोन फेऱ्या मारायला लावल्या, मग अजून एक. काठावर चहा झाला. किमतीची घासाघीस झाली आणि त्यातून काहीतरी ठरलं असावं, कारण आप्पांनी इलाहीला पेढे आणायला पिटाळलं. काकी कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. “पूजेतनं उचललं की हो हिनं! आजच्या दिवशी!” त्या आप्पांना सांगत होत्या. आप्पा त्यांच्या कानात काहीतरी बोलले. काकी एकदम खाली बसल्या, मुरमावरच. नंतर निघताना त्यांनी माझी ओटी भरली. नारळ देताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

घरी येताना फाटक उघडं होतं, तरी भरतेशने गाडी हळू केली. ऋजू टाकीवर झोपली होती. त्याचा एक हात तिच्या पोटावर होता आणि तळव्याला अजून लाल डाग होता.

दुसऱ्या दिवशी दसरा असूनही त्याला अर्धा दिवस जायचं होतं. त्याने डबा घेतला, हेल्मेट घातलं, गाडी चालू केली. गाडी चालूच राहिली. मी खिडकीतून बघितलं, तर तो दाराकडे तोंड करून उभा.

“काही राहिलं का?” मी बाहेर येऊन विचारलं.

“तू काही म्हणाली नाहीस.”

“तूच म्हणालास, म्हणायचं नाही.”

“कालच्यापुरतं होतं ते.” हेल्मेटची काच त्याने वर केली. “म्हण.”

मी म्हणाले. मग तो गेला.

ऋजू आता पाचवीत आहे, सायकलने शाळेत जाते. त्या दिवसाचं तिला बेडकीचं जाकीट तेवढं आठवतं. बुचांची गोष्ट तिला कुणी सांगितलेली नाही. आम्ही दोघंही आपसात कधी बोललो नाही. सकाळी मी दारात उभी राहिले की ती पेडलवर पाय ठेवून वैतागते, “आई, रोज काय तेच तेच! मी ऐकणार नाही, चालले.”

भरतेश बुटाची लेस बांधत असतो. तो मान वर करत नाही.

“थांब,” तो म्हणतो. “आधी तिला म्हणू दे. मग निघायचं.”